सहाव्या संघाचा नारळ

"सांगलीला नारळ दिलास तर मी उद्या मॅटवर उतरणार नाही," नूतन म्हणाली आणि इडलीचा तुकडा सांबारात बुडवला. "आधीच सांगून ठेवते."

"उतरशील," मी म्हटलं.

"उतरेन. पण तोंड पाडून उतरेन."

पुण्यातल्या हॉटेलात नाश्त्याच्या खोलीत आमचा ठाण्याचा अख्खा संघ एका लांब टेबलाला बसला होता. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता आणि तो कोणाशी खेळायचा हे कप्तान म्हणून मला त्या दुपारी मंचावर उभं राहून जाहीर करायचं होतं.

महिला कबड्डीच्या त्या राज्य लीगमध्ये आठ संघ होते. पहिली तीन वर्षं नियम सरळ होता. सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं आणि वरच्या चार संघांनी बाद फेरीत जायचं. चौथ्या वर्षी आयोजकांनी चाराचे सहा केले. टीव्हीला सामने जास्त हवे होते, आणि तळाच्या संघांचे सामने बघायला अर्ध्या हंगामानंतर त्यांच्याच गावचे लोक येत नाहीत अशी तक्रारही होती. दोन्ही कारणं खरी होती. नव्या पद्धतीत पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जाणार होते. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार संघ आपसात एकेक सामना खेळणार, आणि जिंकतील ते दोन वर येणार.

"मग पहिलं येऊन आम्हाला जास्तीचं काय मिळालं?" असं आमच्या प्रशिक्षकांनी, मोकल सरांनी, हंगामाआधीच्या बैठकीत विचारलं होतं. त्यावर आयोजकांनी शोधून काढलेलं उत्तर म्हणजे तो नारळ. वर आलेल्या दोन संघांपैकी आपला प्रतिस्पर्धी पहिल्या क्रमांकाच्या कप्तानानं स्वतः निवडायचा आणि प्रेक्षकांसमोर त्या संघाच्या कप्तानाच्या हातात नारळ ठेवायचा.

पहिल्या आम्ही आलो होतो. त्याआधी दोनदा अंतिम सामन्यात हरलो होतो, एकदा तर एका गुणानं. करंडक ठाण्याला कधीच मिळाला नव्हता. त्या वर्षी आम्ही फक्त दोन सामने गमावले आणि दोन्ही सांगलीकडून. सांगली चौथी येऊनही वर आली होती. दुसरा वर आलेला संघ होता पालघर. पालघर सहावा. जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त. जुना नियम असता तर त्या मुली एव्हाना आपापल्या घरी असत्या.

"यात विचार करण्यासारखं आहे तरी काय?" मोकल सर म्हणाले. ते चहा बशीत ओतून पीत, हॉटेल कोणतंही असो. "एकीकडे आपल्याला दोनदा हरवलेला संघ. दुसरीकडे सहावा. निवडायचा हक्क तुम्ही घाम गाळून कमावलाय. तो वापरायचा नसेल तर कमावला कशाला?"

"सर, सहाव्या संघाकडे बोट दाखवून 'तुम्ही सगळ्यांत कच्चे' म्हणायचं, हे मला..."

"कच्चे आहेत म्हणून नाही तुझी अडचण," नूतन मध्येच म्हणाली. "कुंदाताई आहे तिथं म्हणून आहे. शैलाताई, तुझी मैत्री आम्ही सगळ्यांनी का फेडायची?"

नूतन माझ्यापेक्षा लहान होती, पण ती बरोबर बोलत होती.

कुंदा भोईर पालघरची कप्तान होती. तिचं आणि माझं गाव एकच, वडखळजवळ. मी शाळेत असताना तिनं मला मैदानावर ओढून नेलं होतं. पुढे अकरा वर्षं आम्ही एकाच मंडळाकडून खेळलो, बचावात एकमेकींच्या शेजारी. कबड्डीत बचाव करताना दोघी-दोघी हात धरून उभ्या राहतात. बोलायची सोय नसते, कारण चढाई करणारी समोर असते आणि ती ऐकते. म्हणून कुंदाताईनं हाताची खूण ठरवली होती. एकदा दाबलं की धर. दोनदा दाबलं की सोड. सोड म्हणजे तत्काळ सोड, डोक्यात विचार यायच्या आत अंग सैल पडलं पाहिजे, असं ती म्हणायची. त्यासाठी तिनं माझे डोळे ओढणीनं बांधून माझ्याकडून सराव करून घेतला होता. रोह्याच्या एका स्पर्धेत माझा उजवा खांदा निखळला, तेव्हा टेम्पोमध्ये तो दोन्ही हातांनी धरून पेणच्या दवाखान्यापर्यंत तीच बसली होती.

लीग सुरू झाली तेव्हा लिलावात मी ठाण्याकडे गेले आणि ती पालघरकडे. पालघर कधी पहिल्या चारांत आलं नाही. एव्हाना तिचा गुडघा दुखरा झाला होता. ही शेवटची लीग, हे तिनं आधीच जाहीर केलं होतं. इतकं खेळली, पण लीगचा अंतिम सामना तिनं बघितला होता तो टीव्हीवर.

समारंभाआधी मी तिला शोधायला गेले. मैदानाच्या मागच्या बाजूला कपडे बदलायच्या खोलीबाहेर ती बाकावर बसली होती. शेजारी त्यांच्या संघातली दीक्षा नावाची मुलगी तिच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती.

"काय गो शैले," ती म्हणाली. "नारळ कुणाला?"

"अजून ठरलं नाही."

"खोटं बोलताना तुझा डावा पाय मागे जातो. चढाईतपण जातो. किती वेळा सांगितलं." मग दीक्षाला म्हणाली, "बघून ठेव गो. उद्या कामाला येईल."

दीक्षा हसली आणि खरंच माझ्या पायाकडे बघितलं.

"ताई, मी सांगलीला निवडते," मी म्हटलं. "पुढचं पुढं."

तिचं हसू गेलं. "मग गावात जाऊन मी काय सांगू? शैलीला माझी कीव आली म्हणून?"

"कीव कसली..."

"मग काय? आम्ही सहाव्या आहोत. पंधरा मिनिटं खेळलं की माझा गुडघा सुजतो. तुझ्या जागी मी असते, तर मीच मला निवडलं असतं. दे मला." ती पाय लांब करून पट्टी बघू लागली. "आणि शेंडीवाला दे. सोललेला नको, पाणी सुकलेलं असतं."

मंचावर दिवे फार होते. निवेदकानं माझ्या हातात नारळ दिला, तो शेंडीवालाच होता. समोर दोन कप्तान उभ्या होत्या. सांगलीची राजश्री हाताची घडी घालून होती. कुंदाताई एका पायावर भार देऊन. मी सरळ तिच्यासमोर गेले. प्रेक्षकांतून आवाज आला, टाळ्यांचा नव्हे, एखाद्याच्या थोबाडीत बसल्यावर बघणारे काढतात तसा.

"शैला गावंड, पालघरच का?" निवेदकानं माइक पुढे केला.

"त्या सहाव्या आहेत म्हणून," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही, आणि ते खरं होतं.

कुंदाताईनं नारळ घेतला, कपाळाला लावला आणि माइक मागून घेतला. "नारळ मला नवा नाही," ती म्हणाली. "याआधी निवड समितीनं दोनदा दिलाय. पण असा वाजतगाजत, मंचावर बोलवून कुणी दिला नव्हता." सगळं मैदान हसलं. राजश्रीसुद्धा. मी खाली उतरले तेव्हा नूतननं माझ्या पाठीवर थाप मारली. ती मला लागली.

सामना आम्ही सहज जिंकू असं सगळ्यांना वाटत होतं. पण आठवडाभर आम्ही नुसता सराव करत बसलो होतो आणि पालघर एक मोठा सामना जिंकून आलं होतं. त्यांच्या अंगात ऊब होती. पहिल्या पाच मिनिटांत माझी दोनदा पकड झाली. दोन्ही वेळा दीक्षानं केली आणि दोन्ही वेळा तिचे डोळे माझ्या डाव्या पायावर होते. मध्यंतराला आम्ही चार गुणांनी मागे होतो.

"ही सहावी टीम आहे?" नूतन पाणी पिताना म्हणाली.

दुसऱ्या सत्रात आम्ही सावरलो. कुंदाताईचा गुडघा तिनं सांगितलं होतं तसाच सुजला. ती कोपऱ्यातून पुढे यायची थांबली, पण बाहेर गेली नाही. शेवटच्या चढाईच्या वेळी पालघर एका गुणानं पुढे होतं आणि चढाई माझी होती.

त्यांच्याकडे तिघीच उरल्या होत्या: कुंदाताई, दीक्षा आणि आणखी एक. मी या वेळी डावा पाय मुद्दाम मागे नेला. दीक्षा फसली, पुढे झेपावली, मी तिला स्पर्श केला आणि वळले. तेवढ्यात कुंदाताईनं माझी कंबर धरली. त्या गुडघ्यावर ती कशी पोहोचली ते मला आजही सांगता येणार नाही. मी पोटावर पडले. तिसरी मुलगी पायांवर पडली. दीक्षानं माझा उजवा हात मनगटाशी धरून पाठीमागे ओढला.

डावा हात मोकळा होता. मध्यरेषा माझ्या बोटांपासून वीतभर लांब होती. रेषेला बोट लागलं असतं तर तिघी बाद आणि आम्ही अंतिम फेरीत. माझा दम चालू होता, कबड्डी, कबड्डी, आणि मी इंच इंच सरकत होते. उजव्या खांद्यातून कळ येत होती, जुनी, ओळखीची. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. अंगाखाली मॅट सरकल्यासारखी वाटली. आणखी एक झटका पुरला असता.

तेव्हा उजव्या मनगटावर कुणीतरी दाबलं. एकदा. आणि लगेच परत एकदा.

मी सैल पडले.

विचार केला नाही. विचार यायच्या आत अंग सैल पडलं, जसं शिकवलं होतं तसं. पंचांची शिट्टी झाली आणि माझ्यावरून तीन मुली ओरडत उठल्या. मी रेषेकडे बघत पडून राहिले. आमच्या बाकावर मोकल सर उभे होते. त्यांचे दोन्ही हात डोक्यावर होते.

"शेवटी थांबलीस का?" नूतननं मला उठवताना विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोचली होतीस. मी बघत होते. थांबलीस का?"

त्या क्षणी मला एकच गोष्ट कळत होती. ती खूण जगात दोनच माणसांना ठाऊक होती आणि त्यातल्या एकीनं ती माझ्यावर वापरली होती.

उपचाराच्या खोलीत आम्हाला एकाच वेळी आणलं. मला खांद्यासाठी, तिला गुडघ्यासाठी. डॉक्टर बर्फ आणायला बाहेर गेले. कुंदाताई पलंगावर पाय पसरून बसली होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसू दाबत होती.

"खांदा कसा आहे?" तिनं विचारलं.

"ताई, हे तू मला शिकवलं नव्हतंस."

"काय?"

"खूण अशी वापरायची हे. जिंकायचंच होतं तर खेळून जिंकायचं. मी रेषेपर्यंत आले होते."

"कसली खूण गो?"

"दोनदा दाबलंस. माझ्या मनगटावर. सोड म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"तो तुझा हात होता?"

"मग कुणाचा?"

"अगो देवा," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "मी दीक्षाला सांगत होते. ती खुळी तुझा हात पाठीवर पिळत होती. तुझा खांदा वर आलेला मला दिसला. रोह्याला आला होता ना, तसा. मी खालून चाचपडत तिचा हात शोधला आणि दाबला. मला वाटलं तिचाच."

"दीक्षाला खूण माहीत आहे?"

"चार वर्षं ती शेजारी उभी राहते माझ्या. मग कुठली शिकवणार? नवीन काढू?"

मला का कोण जाणे, ते आधी टोचलं. मग बाकीचं डोक्यात शिरलं.

"ताई, दीक्षानं हात सोडला असता तर मी रेषा गाठली असती."

"वीतभर तर उरली होती. गाठलीच असती."

"सामना गेला असता."

"गेला असता."

"तुझा शेवटचा सामना."

"हो गो, मला मोजता येतं." ती वैतागून म्हणाली. "एकदा तो खांदा धरून टेम्पोत बसलेय मी. तुझं ते ओरडणं. परत नको होतं मला." मग तिनं विचारलं, "पण तू का थांबलीस? कुणी मनगट दाबलं म्हणून कुणी थांबतं काय उपांत्य सामन्यात?"

"तू सोड म्हणालीस."

बाहेर पालघरच्या मुली तिच्या नावानं ओरडत होत्या.

"मग हा सामना जिंकला कुणी?" मी विचारलं.

"पंचांना विचार," कुंदाताई म्हणाली आणि तिला हसू आलं, मग मलाही, आणि हसताना खांदा इतका दुखला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर बर्फ घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत होतो. हरलेलीनं का हसावं हे त्यांना कळेना.

अंतिम सामन्यात सांगलीनं पालघरला सोळा गुणांनी हरवलं. कुंदाताई सुजलेल्या गुडघ्यानं अर्धा सामना खेळली, आणि बाहेर जाताना तिनं वाकून मॅटला हात लावून कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धेचे संचालक सबनीस यांनी आठही कप्तानांना बोलावलं. एका सकाळच्या वर्तमानपत्रात मोठा मजकूर आला होता. पूर्ण हंगामाचं कष्टाचं फळ एका संध्याकाळी वाया घालवणारी ही पद्धत बंद करा, असा त्याचा सूर होता. त्यात माझा फोटो होता, मी मॅटवर पालथी पडलेली. मोकल सरांनी तो मला दाखवून सांगितलं होतं, "आज बैठकीत चार म्हण. तुझ्याइतका हक्क कुणालाच नाही."

ते म्हणत होते ते मला पटत होतं. आजही पटतं. चौदा सामन्यांचा हिशेब बाजूला ठेवून सहावा संघ अंतिम फेरीत जावा, यात न्याय नाही. त्या लीगमध्ये आता बारा संघ आहेत आणि बाद फेरीत आठ जातात. मी ठाण्याच्या मुलींना शिकवते, आणि दर वर्षी त्यांना सांगते की पहिलं येऊन काहीही पदरात पडत नाही, तरी पहिलं या.

लांब टेबलाशी आम्ही आठ जणी बसलो होतो. कुंदाताई माझ्या शेजारी, पाय खुर्चीवर टाकून.

"पुढच्या वर्षी बाद फेरीत चार संघ की सहा?" सबनीस म्हणाले. "बरोबरी झाली तर माझं मत. चारच्या बाजूनं हात वर करा." आणि त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं.

तीन हात वर झाले. मग चौथा झाला, तो कुंदाताईचा.

"भोईर ताई?" सबनीस गोंधळले. "तुम्ही सहाव्या आला होतात."

"म्हणून तर सांगते. सहाव्या संघाचं काय काम तिथं? चारच बरे."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती.

"सहाच्या बाजूनं?"

तीन हात वर झाले. मी माझा डावा हात वर केला. उजवा गळ्यात बांधलेला होता.

खोलीत कुणीतरी "आं?" केलं. सबनीसांनी पेन खाली ठेवलं. "गावंड, तुम्ही हात चुकून तर वर केला नाहीत ना? तुमचं सगळ्यांत जास्त नुकसान झालंय."

"चुकून नाही. सहा ठेवा. नारळ तेवढा बंद करा."

"नारळ बंद करा, याला माझे दोन्ही हात," कुंदाताई म्हणाली.

"पण कारण काय लिहू?" सबनीस म्हणाले. "तुम्ही दोघी एकमेकींच्या बाजूनं मत देताय. म्हणजे तुमची दोन्ही मतं वायाच गेली."

"जाऊ द्या की," कुंदाताई म्हणाली.

चार-चार झाले होते. सबनीसांनी आपलं मत सहाला दिलं आणि ते नारळाच्या विषयाकडे वळले. ते बोलत असताना टेबलाखाली माझ्या डाव्या मनगटाला हात लागला. कुंदाताईनं आधी खाली वाकून तो हात कुणाचा आहे हे नीट बघितलं. मग एकदाच दाबलं.